पाच दहाची वाफ

टोमॅटोची रोपं करपली त्या सकाळी पहिला संशय घरातल्याच माणसावर गेला.

बारा ट्रे होते. आदल्या संध्याकाळी चार-चार पानांवर आलेली हिरवीगार रोपं, आणि सकाळी पाहावं तर पानांच्या कडांना कुणी पेटती विडी टेकवत गेल्यासारखे तपकिरी डाग. नर्सरीवाली ट्रेपाशी उकिडवी बसली. एक पान बोटावर घेऊन उलटंसुलटं केलं, हुंगलं आणि मागं न बघताच तिनं विचारलं, "तणनाशकाचा पंप तुम्ही धुतला होता ना?"

"तीनदा धुतला," नवरा म्हणाला.

"साबणानं?"

"साबणानं. तीनदा."

"मग ही रोपं काय लाजून करपली?"

नवऱ्यानं पंप उचलून पुन्हा एकदा हुंगून पाहिला. एकतीस वर्षं त्यानं बस डेपोत गाड्यांच्या वेळा लिहिल्या होत्या. कुठली गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, उशीर झाला तर का झाला. सगळं गाव त्याला घड्याळकाका म्हणायचं. निवृत्त होऊन चारच महिने झाले होते आणि बायकोनं वीस वर्षं एकटीनं उभी केलेल्या या नर्सरीत तो सगळ्यात नवा गडी होता. पहिल्याच आठवड्यात त्यानं तण समजून शेवंतीचा अर्धा वाफा उपटला होता. त्यामुळे त्याच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं. खरं तर तोही स्वतःच्या बाजूनं नीट बोलू शकत नव्हता.

त्या दिवसापासून पंपाला हात लावायची त्याला बंदी झाली. ट्रे भरायचे, झारीनं पाणी घालायचं, गिऱ्हाईक आलं की खुर्ची पुसून द्यायची, एवढंच काम. वांगी लावणारा एक जुना गिऱ्हाईक त्याच्यासमोरच बाईला म्हणाला, "वहिनी, काकांना डेपोतच आणखी दोन वर्षं ठेवायला सांगायचं होतं हो." बाई हसली. काकाही हसला, पण त्याचे कान तापले.

सोळा दिवसांनी रोपं पुन्हा करपली. या खेपेला मिरचीची. पंपाला आठवडाभर कुणाचाच हात लागला नव्हता.

त्या दिवशी काकानं दुकानातून एक जाड, रेघांची वही आणली आणि डेपोत आखायचा तसे रकाने आखले. तारीख. वेळ. वारा. वास. पान. बायकोनं विचारलं, "हे काय आता?"

"गुन्हा माझ्यावर आहे ना? मग तपासही मीच करतो."

पहाटे चारला उठायची सवय मोडलेली नव्हतीच. तो उठायचा, तोंड धुवायचा आणि शेडनेटच्या कोपऱ्यातल्या उलट्या बादलीवर बसायचा. बांबूच्या टोकाला त्यानं जुन्या पदराची लाल चिंधी बांधली होती. ती कुठं उडते त्यावरून वारा लिहायचा. नाकानं कळेल तो वास लिहायचा. उजाडलं की चष्मा लावून प्रत्येक रांगेतलं एक पान बघायचा. मधल्या वेळेत करायला काही नसल्यामुळे समोरच्या रस्त्यानं जाणाऱ्या गाड्याही लिहायचा. दूधगाडी चार बावन्न. शाळेचा टेम्पो सहा पाच. संध्याकाळी बादलीवर टेकला तरी हेच चालायचं. बायको चहा घेऊन यायची आणि म्हणायची, "त्या दूधवाल्याला निदान सांगा तरी, त्याची हजेरी लागतेय म्हणून."

दोन महिन्यांत सहा नोंदी अशा झाल्या, की चिंधी कालव्याकडून घराकडे उडत होती, घशात खवखवेल असा आंबूस वास आला होता आणि दिवस वर येईपर्यंत पानांवर डाग पडले होते. सहाही वेळा वेळ पहाटे पाच ते साडेपाचच्या मधली. बहुतेक पाच दहा.

कालव्यापलीकडे एकच गोष्ट होती. पाइपांना जस्ताचा मुलामा देणारा कारखाना. लोखंडी पाइप आधी ॲसिडच्या हौदात बुडवून साफ करायचे आणि मग वितळलेल्या जस्तात. फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, आमच्या पाइपाला गंज चढत नाही. इकडे नर्सरीच्या जाळीच्या तारा मात्र हल्ली सहा महिन्यांतच गंजून तुटत होत्या, पत्र्याला भोकं पडत होती.

काकानं वही बायकोपुढं ठेवली. तिनं बोट फिरवत फिरवत पानं वाचली. वाचून झाल्यावर पदराला बोटं पुसली, जणू शाई ओलीच होती.

"पंप तुम्ही धुतला होता," ती म्हणाली.

एवढंच. पण त्या संध्याकाळी फवारणीची वेळ झाली तेव्हा तिनं पंपाचे पट्टे स्वतः त्याच्या खांद्यावर चढवले आणि त्याची पाठ उगाचच दोनदा थोपटली.

खरी अडचण पुढंच होती. बाईचा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात ॲसिडच्या हौदावर कामाला होता. नऊ वर्षं. पाळी संपली की तो सरळ बहिणीकडे यायचा, बाकावर पाय वर घेऊन बसायचा आणि चहा निवेपर्यंत थांबायचा. गरम चहा त्याला सोसत नव्हता, गारही नाही. पुढचे दात झिजून पातळ झाले होते, कडांना काचेसारखे आरपार दिसायचे. विचारलं की म्हणायचा, "आपल्या घराण्यातच दात कच्चे आहेत." बहीण त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी आणि तिचे बत्तीसच्या बत्तीस शाबूत होते, पण ती काही बोलायची नाही.

काकानं त्याला वही दाखवली तेव्हा तो हसला. "दाजी, नुसती वाफ असते हो ती. थंडीत तोंडातून निघते तशी."

"तोंडातल्या वाफेनं मिरची करपते?"

"ताईचं तोंड असेल तर करपेल."

बहिणीनं त्याच्या पाठीत गुद्दा घातला आणि विषय तिथंच राहिला. जाताना मात्र भाऊ काकाला शेडबाहेर घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, "दाजी, वही तुमच्यापाशीच ठेवा. माझी रोजीरोटी आहे तिथं."

काका त्यानंतर चार दिवस वहीत फक्त दूधगाडी लिहीत होता. पाचव्या दिवशी वांग्याचे वीस ट्रे गेले. बायकोनं ते खड्ड्यात ओतले, माती लोटली आणि फावडं टेकवून उभी राहिली. "लिहा," ती म्हणाली. "भाऊ माझा आहे. त्याचं मी बघते."

शाळेतल्या विज्ञानाच्या बाई झेंडूची रोपं न्यायला यायच्या. त्यांनी वही उभ्या-उभ्याच वाचायला घेतली, मग खुर्ची मागितली. दुसऱ्या दिवशी त्या निळ्या लिटमस कागदाच्या दोन पुड्या घेऊन आल्या. "ओला करून टांगा. ॲसिड असलं तर लाल होईल. आणि काका, एक बाहेर टांगा, एक घरात. दोन्ही लाल झाले तर दोष कागदाचा."

आता वहीला आणखी एक रकाना झाला. रोजचा कागद तो पानाच्या कडेला डिंकानं चिकटवायचा. निळे, निळे, निळे, मग एखादा शेंदरी-लाल, परत निळे. घरातला प्रत्येक वेळी निळा. बायको येता-जाता वही उघडून बघू लागली. एकदा म्हणाली, "तुमच्या डेपोच्या वह्या एवढ्या सुंदर नव्हत्या."

आठ महिने झाले, पण वार काही लागेना. कधी मंगळवारी, कधी शनिवारी. मध्ये कधी नऊ दिवस, कधी एकवीस. वेळापत्रक नसलेली गाडी जगात असू शकते यावर काकाचा विश्वासच नव्हता. एका दुपारी पाऊस लागला, गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तो पहिल्या पानापासून वाचत बसला. आणि त्याला ते दिसलं. वास आला त्याच्या आदल्या संध्याकाळी, प्रत्येक वेळी, रस्त्याच्या नोंदीत एक ओळ होती. निळा टँकर, कारखान्याकडे. सात दहा. सात पस्तीस. आठ पाच. निव्वळ खोड म्हणून लिहिलेल्या ओळी.

तो पावसातच शेडमध्ये धावला. बायको बिया निवडत होती.

"टँकर येतो तेव्हा," तो म्हणाला. धाप लागली होती. "टँकर आला की दुसऱ्या दिवशी पहाटे."

"आधी डोकं पुसा," ती म्हणाली. मग हातातलं बी तसंच ठेवून वाचायला बसली.

आधी कारखान्यातच विचारावं, असं काकाला वाटलं. माणसानं तोंडावर सांगावं, मग पुढं जावं. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्याला बाकावर पाऊण तास बसवलं. काकानं वेळ लिहून ठेवली. मॅनेजर बाहेर आला तो हातात मोबाईल धरूनच. त्यानं वहीची चार पानं उलटली.

"काका, तुमचं घड्याळ तरी बरोबर असतं का?"

पहारेकऱ्याला हसू आलं. काकाला नाही. "या घड्याळावर एकतीस वर्षं गाड्या सुटल्या," तो म्हणाला.

"असेल, असेल. पण तुम्ही औषधं फवारता ना रोपांवर? मात्रा चुकली की पानं करपतातच. वय झालं की होतं." वही परत देताना मॅनेजरनं ती दोन बोटांत धरली होती.

घरी येऊन काकानं हे बायकोला शब्दन् शब्द सांगितलं. औषधाची मात्रा तीच मोजायची, वीस वर्षं. तिचा चेहरा असा झाला की काकाला मॅनेजरची थोडी कीव आली.

त्याच आठवड्यात भाऊ चहाला आला आणि चहा न पिताच बसून राहिला. फाटकावरची गोष्ट आत पोचली होती. बराच वेळ तो नखाखालचा मळ काढत होता.

"दाजी, झडप मीच उघडतो," तो म्हणाला.

काकानं वहीकडे नेलेला हात मागं घेतला.

"नवीन ॲसिड हौदात ओतलं की वाफ दुप्पट निघते. ती पाण्यानं धुऊन मग वर सोडायची टाकी आहे, पण तिचा पंप गेल्या वर्षीपासून बंद आहे. वाफ आत कोंडली तर आम्ही सात जण गुदमरतो. म्हणून बाजूच्या भिंतीतली झडप उघडायची. दिवसा रस्त्यावरून दिसते, म्हणून पहाटे ओततात. मुकादम सांगतो, मी उघडतो." तो बहिणीकडे बघत नव्हता. "तुझी वांगी मीच जाळली, ताई."

बहिणीनं त्याच्या पुढ्यातला कप उचलला, चहा परत पातेल्यात ओतला, कोमट केला आणि त्याच्या हातात दिला. "पी," ती म्हणाली. "वांगी पुन्हा येतात."

काकानं वही उघडली नाही. भावानं सांगितलेलं एक अक्षरही त्यानं त्यात लिहिलं नाही. डेपोतला नियम होता, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं.

तालुक्याच्या प्रदूषणाच्या कार्यालयात तो तीन खेपा गेला. पहिल्यांदा साहेब रजेवर, दुसऱ्यांदा अर्ज चुकीच्या खिडकीवर. तिसऱ्यांदा एका तरुण तपासनीस बाईनं वही हातात घेतली आणि ती लिटमसच्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवत राहिली.

"हे सगळं तुम्ही एकट्यानं केलंत?"

"चहा बायकोनं केला."

ती हसली. मग म्हणाली, "आम्ही जातो तेव्हा कारखाना नेहमी स्वच्छ असतो."

"तुम्ही अकरा वाजता जाता. मी सांगतो त्या दिवशी पहाटे या. टँकर आला की फोन करतो."

टँकर एका बुधवारी आला, सात चाळीसला. काकानं फोन केला. मेहुण्याला मात्र काही सांगितलं नाही. बायकोनं विचारलं तेव्हा म्हणाला, "त्याला कळलं तर त्याला खोटं बोलावं लागेल. एक तर त्यांच्याशी, नाहीतर आपल्याशी."

गुरुवारी साडेचारला तपासनीस बाई आल्या, गळ्यात मफलर, हातात साबणाच्या डबीएवढं एक यंत्र. नर्सरीवालीनं रोपांवर प्लास्टिक अंथरून ठेवलं होतं आणि तिघं कालव्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. चिंधी बांबूला चिकटून होती. वारा नाहीच.

पाच दहा झाले. काही नाही. पाच वीस. पाच पस्तीस. पूर्वेला उजेड फुटायला लागला. यंत्रावरचा आकडा शून्यावरून हलेना. तपासनीस बाई एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन टाकत होत्या.

"काका, मला आठ वाजता दुसरीकडे पोचायचंय."

"गाडी लेट आहे," काका म्हणाला. "रद्द झालेली नाही."

"कशावरून?"

"काल टँकर आठ पंचावन्नला परत गेला. जाताना मागच्या स्प्रिंगा उचललेल्या होत्या. म्हणजे रिकामा. ॲसिड उतरलंय. आता ते हौदात जाणारच."

नर्सरीवालीनं बाईंना दुसरा चहा दिला आणि कानाशी म्हणाली, "एकतीस वर्षांत यांनी प्रवाशांना असंच धरून ठेवलंय."

पाच बावन्नला भिंतीतून ती आली. धुराड्यातून नाही, बाजूच्या भिंतीतून. आधी पांढरी, मग किंचित पिवळट, जड, जमिनीला धरून. कालव्याच्या पाण्यावरून ती सावकाश, पाय ओढत आल्यासारखी आली. काकाच्या हातातला ओला कागद बघता बघता लाल झाला. यंत्र चिरक्या आवाजात ओरडायला लागलं. तपासनीस बाईंनी मफलर नाकावर ओढला, फोटो काढले, आकडा लिहिला आणि खोकत विचारलं, "किती वाजले?"

"पाच चौपन्न," काका म्हणाला आणि लगेच दुरुस्त केलं, "आली बावन्नला. इथं पोचली चौपन्नला."

बाई तशाच फाटकाकडे निघाल्या. पहारेकऱ्यानं काकाला अडवलं, बाईंच्या ओळखपत्राला अडवता आलं नाही. काका बाहेरच्या बाकावर बसला. नर्सरीवाली त्याच्या शेजारी येऊन बसली. तिनं त्याचा हात धरला होता आणि तो सोडायचं दोघांनाही सुचलं नाही.

आत काय झालं ते भावानं संध्याकाळी सांगितलं. बाईंनी हौदाजवळ सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, झडप कुणी उघडली? मुकादम छताकडे बघायला लागला. मॅनेजर म्हणाला, आपोआप उघडली असेल. "मी हात वर केला," भाऊ म्हणाला. "म्हटलं, मी उघडली. गेल्या वर्षीपासून मीच उघडतोय. आणि पंप कुठं सडलाय तेही दाखवतो, चला." सांगताना तो बाकावर पाय खाली सोडून, ताठ बसला होता. "दाजी, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू हात वर केला असतास?"

भावानं विचार केला. "नसता केला," तो म्हणाला. "रात्रभर घाबरून आजारी पडलो असतो."

ॲसिडचा विभाग एकोणीस दिवस बंद राहिला. ते दिवस सोपे गेले नाहीत. हौदावरच्या दोघांनी भावाशी बोलणं टाकलं. एकीच्या नवऱ्याला घरी बसावं लागलं म्हणून ती नळावर नर्सरीवालीला म्हणाली, "तुमची रोपं जगली, आमची माणसं बसली." नर्सरीवालीनं घागर खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "तुझ्या नवऱ्याचे दात बघ एकदा." ती बाई घागर न भरताच घरी गेली. दुसऱ्या दिवशी नळावर तिनं स्वतःहून जागा दिली.

भाऊ ते एकोणीस दिवस नर्सरीत राबला. काका त्याला ट्रे भरायला शिकवत होता, बायको दोघांनाही परत शिकवत होती. विसाव्या दिवशी नवा पंप बसला, भिंतीतली झडप वेल्डिंग करून कायमची बंद केली आणि वाफ धुणारी टाकी चालवायला माणूस हवा म्हणून मॅनेजरनं निरोप धाडला. टाकीची नसन् नस माहीत असलेला माणूस एकच होता. त्याला काढावंसं मॅनेजरला फार वाटत होतं असं म्हणतात, पण तपासनीस बाईंच्या कागदावर त्याचं नाव आणि सही होती, आणि बाई आता न सांगता यायला लागल्या होत्या.

वही चालूच राहिली. निळे कागद, पानभर निळे. काकाला ते बघून कधी कधी कंटाळाही यायचा, पण तो कंटाळा त्याला आवडायला लागला होता. जाळीच्या तारा त्या वर्षी बदलाव्या लागल्या नाहीत. वांगीवाला गिऱ्हाईक आला तेव्हा काकानं त्याला खुर्ची पुसून दिली नाही, आणि त्यानंही ती मागितली नाही. उभ्या-उभ्याच वही बघायला मागितली.

मग थंडीच्या सुरुवातीला एका पहाटे वास आला.

ढोबळी मिरचीचे साठ ट्रे सातला गाडीत चढायचे होते. काका बादलीवरून उठला. चिंधी घराकडे उडत होती. कागदाची कड गुलाबी व्हायला लागली होती. त्यानं हाक मारली आणि बायको हात तसेच ओले घेऊन प्लास्टिक ओढत आली. दोघांनी एका टोकापासून ट्रे झाकायला घेतले.

तेवढ्यात कालव्याच्या पुलावरून कुणीतरी पळत येताना दिसलं. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात कोपरापर्यंतचे मोजे, बूट पायांत मोठे असल्यामुळे प्रत्येक पावलाला फटफट आवाज. भाऊ होता. शेडच्या दाराशी येऊन तो वाकून उभा राहिला, श्वास काही त्याला बोलू देईना.

"दाजी, लिहा," तो म्हणाला. "पाच सत्तावीस. टाकीची नळी सुटली. सात मिनिटं गेली. बांधली, बंद झालं."

"तुला कुणी पाठवलं?" बहिणीनं विचारलं.

"कुणी नाही. मॅनेजरला सांगितलं, मी सांगून येतो. तो म्हणाला, जा, पण पळत जा. नाहीतर तो घड्याळवाला आपली आठ मिनिटं लिहील."

काकानं मनगटाकडे बघितलं, मग वहीकडे. वास त्याला पाच एकोणतीसला आला होता. कालवा ओलांडायला दोन मिनिटं. हिशेब जुळत होता. त्यानं ओळ पुरी लिहिली, नळी सुटली, सात मिनिटं, आणि वही मेहुण्याच्या दिशेनं फिरवली.

"सही कर. ड्रायव्हर करायचे तशी."

भावानं मोजा दातांनी ओढून काढला, तळवा पँटला पुसला आणि सही केली.

बायकोनं प्लास्टिक उचलून पहिल्या रांगेतलं एक पान उलटं करून बघितलं, मग दुसरं, मग शेवटच्या रांगेतलं. पानं स्वच्छ होती. "बघत काय बसलात दोघं?" ती म्हणाली. "गाडी सातला येतेय. धरा खालून."

आणि तिघांनी ट्रे उचलायला सुरुवात केली.